एका पातेल्यांतलें रात्रीचें जेवण

संध्याकाळच्या साध्या जेवणाचा प्रश्न हा आपल्या घरांतला रोजचा, आणि रोजचा म्हणूनच सर्वांत दुर्लक्षिलेला प्रश्न आहे. सणावाराच्या पक्वान्नांविषयीं पुस्तकें भरून लिहिलें जातें. चक्का किती वेळ टांगावा, पुरणपोळीची कणीक किती तिंबावी, यांवर घरोघर चर्चा होते. परंतु मंगळवारीं किंवा बुधवारीं, दिवसभराच्या कामानें शिणलेल्या घरांत, सात-आठ माणसांस पोटभर, पौष्टिक आणि रुचकर असें काय वाढावें, ह्याचा विचार फारसा कोणी शांतपणें करीत नाहीं. तो ऐन वेळीं, ओट्यापुढें उभें राहून, एकट्या गृहिणीनेंच करावयाचा असतो. या खेपेस त्या साध्या जेवणाविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

निमित्त असें कीं, परदेशीं संसार थाटलेल्या आपल्या मुली हल्लीं दूरध्वनीवरून घरच्या मंडळींस एका पदार्थाचें मोठें कौतुक सांगतात. ‘आई, आज मी सगळा पास्ता एकाच पातेल्यांत केला, अर्ध्या तासांत जेवणें, आणि घासायला भांडें एकच!’ इकडे भोरच्या घरांत आई हंसते आणि म्हणते, ‘अग, त्यांत नवल तें काय? आपल्या चकोल्या म्हणजे दुसरें काय असतें?’ प्रस्तुत लेखकाच्या मतें या आईचें उत्तर अगदीं यथार्थ आहे. तें कसें, हें कळण्यासाठीं प्रथम तो परदेशी पदार्थ नीट समजून घेतला पाहिजे.

त्याची रीत साधारण अशी. रुंद बुडाच्या पातेल्यांत सॉसेजचे, म्हणजे मसाला घातलेलें मांस नळींत भरून केलेल्या कांडीचे, तुकडे परततात. त्यांतून सुटलेल्या चरबींतच कांदा-लसूण परतून टोमॅटो घालतात. मग कोरडा पास्ता, मीठ आणि मोजकें पाणी त्यांतच घालून तें सारें दहा-बारा मिनिटें उकळूं देतात. नेहमींच्या पद्धतींत पास्ता पुष्कळ पाण्यांत निराळा उकडून वरचें पाणी ओतून देतात; येथें तें टाकावयाचेंच नसतें. गव्हाचें जें पिष्ट पाण्यांत उतरतें, तेंच रस्सा दाट करतें आणि स्निग्धांश पाण्याशीं एकजीव ठेवतें. ‘मार्था स्ट्यूअर्ट लिव्हिंग’ या अमेरिकन गृहपत्रिकेनें २०१३ सालीं अशी एक कृति, मांसाविना, प्रसिद्ध केली आणि तेव्हांपासून ही एका भांड्याची युक्ति घरोघर पसरली.

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मांस शिजत नाहीं; तेव्हां हा पदार्थ जसाच्या तसा आपल्या कामाचा नव्हे. परंतु अपरिचित सामासिक शब्द आला तर विद्यार्थी घाबरत नाहीं, तो त्याचा विग्रह करतो. तसा आपण या पदार्थाचा विग्रह करूं. मग त्यांत तीनच अवयव हातीं लागतात : गव्हाचा तुकडा, साठवणींतला चविष्ट जिन्नस, आणि एकच भांडें. हे तीनहि आपल्या घरांत पूर्वींपासून आहेत.

पहिला अवयव गव्हाचा. पास्ता ज्या कठीण दाण्याच्या गव्हाचा करतात, त्यास डुरम म्हणतात. त्याच जातीचा बन्सी गहूं आपल्याकडे पिकत आला आहे, आणि कृष्णाकाठचा खपली हा त्याचा जवळचा आप्त. वाळविलेला पास्ता डुरम गव्हाचाच असला पाहिजे असा कायदा इटलींत १९६७ सालीं झाला. मार्को पोलोनें हा पदार्थ चीनहून आणला, अशी गोष्ट पुष्कळदां सांगण्यांत येते; ती खरी नव्हे. त्याच्या जन्माच्या शंभर वर्षें आधीं, ११५४ सालीं, अल्-इद्रीसी या अरब भूगोलकारानें लिहून ठेविलें आहे कीं, सिसिली बेटांतील त्राबिया या गांवीं ‘इत्रिया’ नांवाचा वाळवलेल्या पिठाचा असाच पदार्थ मोठ्या प्रमाणांत तयार होतो आणि जहाजांतून देशोदेशीं जातो. आपल्याकडेहि सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत, कृतान्नवर्गांत, ‘सेविका’ नांवाचा पदार्थ दिला आहे. गव्हाच्या बारीक पिठाच्या वळ्या करून, वाळवून, दुधांत शिजवावयाच्या. तीच आपली शेवई. इटलींतल्या खेड्यांत तर लाटलेल्या कणकेचे वेडेवाकडे तुकडे कापून ते कडधान्याच्या रश्शांत सोडण्याची चाल आहे. त्या तुकड्यांस ते लोक ‘मालतालियाती’, म्हणजे ‘वांकडे कापलेले’, असेंच म्हणतात. पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या वरणांत सोडणारी आपली आजी आणि ती इटालियन आजी यांची गांठ पडली असती, तर एकमेकींची भाषा न कळतांहि त्यांचा स्वयंपाक बिनबोभाट झाला असता.

दुसरा अवयव साठवणीचा. सॉसेज हें मुळांत चैनीचें खाद्य नव्हे. तें टिकविण्याचें साधन आहे. जें ताजें राहत नाहीं तें मीठ, मसाला, ऊन व धूर यांच्या योगानें टिकवावयाचें आणि अडचणीच्या दिवसांत थोडें थोडें वापरावयाचें, हा त्यामागील हेतु. नळींत सारण भरून भाजण्याची कल्पना आपल्या भूमींतहि नवी नाहीं. ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणांत मांसाच्या नाना पदार्थांबरोबर तसाहि एक प्रकार आला आहे. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाचे, व्हिनेगर व लाल मिरचीचे चोरीस करून उन्हांत व धुरावर वाळवितात. पावसाळ्यापूर्वीं तेथें जी सामानाची बेगमी करतात तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात, आणि तींत सुक्या मासळीबरोबर चोरीसहि असतात.

आतां हें वर्णन वाचून आपल्या वाचक-भगिनींना कशाची आठवण झाली असेल? सांडग्यांचीच. भोर-वेल्ह्याच्या बाजूस पावसाळा म्हणजे हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. (वेल्हे तालुक्याचें नांव ‘राजगड’ करण्याचा निर्णय शासनानें २०२४ सालीं घेतला, पण तोंडांत जुनें नांव बसलें आहे, तेंच येथें वापरतों.) गुंजण मावळ, कानंद खोरें, वेळवंड खोरें, हिरडस मावळ हा सगळा सह्याद्रीच्या कुशींतला मुलूख. ज्येष्ठ सरतां सरतां डोंगरावर ढग टेंकतात, आणि मग पश्चिमेकडच्या गांवांत कित्येक दिवस ऊन म्हणून दिसत नाहीं. शेतांत भात असतो, वरकस रानांत नाचणी आणि वरी. पण बाजारची भाजी महाग होते आणि वरंध घाटांत दरड कोसळली म्हणजे कोंकणचा रस्ताहि बंद पडतो. म्हणूनच चैत्र-वैशाखाच्या उन्हांत गच्चीवर डाळींचे सांडगे घालण्याची चाल पडली. डाळ भिजवून, वाटून, तींत मिरची, जिरें, हिंग, मीठ घालून कापडावर तोडलेला तो लहानसा गोळा म्हणजे उन्हाळ्यानें पावसाळ्यास लिहिलेली हुंडीच. तो तेलांत तांबूस परतला म्हणजे बाहेरून खमंग होतो आणि रश्शांत शिजला म्हणजे आंतून मऊ होऊन रस शोषून घेतो; दाताखालीं येणारा भरीव घांस, मुरलेलें तिखट-मीठ आणि प्रथिनें, हीं सॉसेजचीं तीन कामें तो उत्तम करतो. स्निग्धांश मात्र आपण पळीभर तेलानें आणि वरून तुपानें पुरवावयाचा.

आतां तिसरा अवयव, भांड्याचा. या लेखाचा सारा भर त्यावरच आहे.

आपण ‘पंगत’ म्हणतों तो शब्द ‘पंक्ति’पासून आला. पंक्तींत बसलेल्या सर्वांस सारखें वाढावें, एकाच्या पानावर तूप आणि दुसऱ्याच्या पानावर नुसती धार दाखवावी असें करूं नये, हा आपला जुना संकेत. आणि तो मोडणाऱ्यास ‘पंक्तिप्रपंच करणारा’ असें नांव ठेवण्यांत येतें. परंतु जी पंक्तींत बसलेलीच नाहीं, तिच्या पानाचा हिशेब या संकेतांत कोठें येतो? आठ माणसांच्या घरांत रात्रीं गरम पोळ्या करावयाच्या म्हणजे माणशीं तीन धरल्या तरी चोवीस पोळ्या झाल्या. लाटून भाजण्यास पोळीमागें दीड मिनिट धरलें तर नुसत्या तव्यापुढें छत्तीस मिनिटें जातात. आणि हीं छत्तीस मिनिटें नेमकीं तींच, जेव्हां बाकीचीं माणसें पाटावर किंवा टेबलाशीं बसून दिवसभराच्या गोष्टी बोलत असतात. शाळेंत काय झालें, शिरवळच्या कारखान्यांतली पाळी कशी गेली, पुण्याहून येतांना एस. टी. कोठें अडली, हें सर्व तिच्या कानावर पडतें तें पाठीमागून आणि अर्धें. शेवटीं ती बसते तेव्हां मुलें उठून गेलेलीं असतात, भाजीचा तळ उरलेला असतो आणि पोळी मात्र स्वतःसाठीं गरम करून घेण्याचा तिला कंटाळा येतो.

हें केवळ भावनेनें लिहीत नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. बिनमोबदल्याच्या घरकामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटें, असें तींत आढळलें. आणि असें काम करणारे पुरुष मुळांतच थोडे. तसेंच २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिनचें प्रमाण असावें त्याहून कमी आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत आणि सगळीं कांहीं स्वयंपाकघरांत नाहींत. तरी पण शेवटीं बसणें आणि उरलेलें खाणें, या आपल्या सोज्वळ दिसणाऱ्या चालीनें त्यांत भर पडत नसेल असें छातीवर हात ठेवून कोणास म्हणतां येईल? आपल्या घरांतल्या सुना आज बँकेंत, शाळेंत, तहसील कचेरींत नोकरीस जातात. त्यांचें दिवसाचें काम दुप्पट झालें, पण रात्रीचा तवा कांहीं थंडावला नाहीं.

एका पातेल्याच्या जेवणाचा खरा गुण येथें दिसतो. तें थोड्या वेळांत होतें हा गुण दुय्यम. भांडीं कमी लागतात हाहि दुय्यम. तें एकदां शिजलें म्हणजे संपूर्ण शिजलें, आणि शिजविणारीला पंक्तींत बसण्यास मोकळी करतें, हा मुख्य गुण. तव्यावरची शेवटची पोळी म्हणून कांहीं उरत नाहीं.

याविरुद्ध जे आक्षेप निघतात तेहि पाहूं. एका वयोवृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, ‘अहो गुरुजी, ताटाला डावी बाजू नाहीं, उजवी बाजू नाहीं, वाडग्यांतलें जेवण म्हणजे आजाऱ्याचें जेवण.’ मीं त्यांस म्हटलें, ‘ताटाची शोभा मला मान्य आहे, पण चारी ठाव स्वयंपाक रोज रात्रीं झालाच पाहिजे, असें शास्त्र कोठें आहे?’ पोषणाच्या दृष्टीनें तर येथें कांहींच उणें पडत नाहीं. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक कमी असतो आणि डाळींच्या प्रथिनांत मेथिओनीन कमी असतो. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. वरण-पोळी, वरण-भात, खिचडी आणि चकोल्या या सर्वांचें शहाणपण हेंच. संस्कृतांत ‘सूप’ या शब्दाचा अर्थच मुळीं डाळीचें वरण असा आहे आणि पाकशास्त्राला ‘सूपशास्त्र’ म्हणतात. तेव्हां ज्याच्या नांवावरून सारें शास्त्र ओळखलें जातें, त्यांतच शिजलेल्या पदार्थास कमी कां लेखावें?

दुसरा आक्षेप घरांतल्या तरुण मंडळींचा असतो : चकोल्या म्हणजे जुनाट. त्यांना एवढेंच सांगावें कीं, याच युक्तीसाठीं अमेरिकेंतल्या सुशिक्षित गृहिणी आज मासिकें चाळीत आहेत. विदर्भ-खानदेशांत यांस वरणफळें म्हणतात, गुजराथेंत दाळढोकळी. तेव्हां जुनाट म्हणावयाचें तर फार मोठ्या मुलखाला म्हणावें लागेल.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. खालील प्रमाण आठ माणसांस पोटभर होईल असें आहे.

साहित्य : तुरीची डाळ ४०० ग्रॅम, कणीक ५०० ग्रॅम (आवडत असल्यास त्यांतली १०० ग्रॅम कमी करून तेवढें नाचणीचें पीठ), मिश्र डाळींचे सांडगे १५० ग्रॅम, तेल चार मोठे चमचे, मोहरी, जिरें, हिंग, हळद, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या (ज्यांना चालत नाहीं त्यांनीं आल्याचा कीस घ्यावा), कढीलिंबाची एक डहाळी, लाल तिखट दोन लहान चमचे, गोडा मसाला दीड चमचा, आमसुलें सात-आठ, गूळ सुपारीएवढा, मीठ, कोथिंबीर, ओलें खोबरें, आणि वाढतांना साजुक तूप. पाणी एकंदर तीन ते साडेतीन लिटर लागेल. भांडें म्हणून सात-आठ लिटरचा कुकरच घ्यावा, म्हणजे दुसरें पातेलें लागत नाहीं.

कृति : डाळ धुऊन अर्धा तास भिजत घालावी. हें काम घरीं जो कोणी आधीं पोंचेल त्यानें करावें; तें करण्यास पदवी लागत नाहीं. कणकेंत मीठ, चिमूटभर हळद, थोडा ओंवा आणि चमचाभर कडकडीत तेल घालून ती पुरीच्या कणकेइतकी घट्ट भिजवावी आणि झांकून ठेवावी. सैल कणकेचे तुकडे रश्शांत विरतात.

कुकरमध्यें तेल तापवून मंद आंचेवर सांडगे तांबूस परतावे आणि एका ताटलींत काढून ठेवावे. आंच मोठी ठेवल्यास ते बाहेरून करपतात आणि आंत कच्चे राहतात. उरलेल्या तेलांतच मोहरी, जिरें, हिंग, कढीलिंब, ठेचलेला लसूण व हळद यांची फोडणी करावी. तींत डाळ आणि सव्वा लिटर पाणी घालून झांकण लावावें आणि डाळ मऊ होईपर्यंत चार-पांच शिट्ट्या होऊं द्याव्या. या वेळीं आमसूल घालूं नये; आंबट पदार्थानें डाळ लवकर शिजत नाहीं, ही गोष्ट अनुभवी गृहिणींस ठाऊक असतेच.

कुकर निवेपर्यंत कणकेचे आठ गोळे करून त्यांच्या पोळीहून किंचित् जाड, मोठ्या पोळ्या लाटाव्या. भाजावयाच्या नसल्यामुळें त्या गोल असण्याची गरज नाहीं. सुरीनें किंवा करंजीच्या कातण्यानें त्यांचे दोन बोटें रुंदीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे पाडावे. हे तुकडे एकमेकांवर न रचतां परातींत पसरून, वर कोरडें पीठ भुरभुरून ठेवावे.

आतां झांकण काढून डाळ घोटावी. तींत दोन लिटर गरम पाणी, तिखट, गोडा मसाला, मीठ व परतलेले सांडगे घालून दहा मिनिटें उकळूं द्यावें. हा रस या वेळीं आमटीहून पातळ दिसला पाहिजे. कणीक पुष्कळ पाणी पिते. रस खळखळून उकळत असतांनाच तुकडे एक एक करून, कडेकडेनें सोडावे. उकळी मोडली आणि तुकडे घाईनें एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. याचें कारण असें कीं, उकळत्या पाण्यांत तुकड्याचा पृष्ठभाग लगेच शिजून घट्ट होतो, कोमट पाण्यांत तो चिकट राहतो. सर्व तुकडे पडल्यावर आमसुलें व गूळ घालून, अधून मधून बुडापासून हलवीत, बारा ते पंधरा मिनिटें झांकण न लावतां शिजवावें. तुकडा बोटानें दाबला असतां मध्यें पांढरी रेघ दिसेनाशी झाली म्हणजे तो शिजला. खालीं उतरवून कोथिंबीर व खोबरें घालावें आणि पांच मिनिटें मुरूं द्यावें. वाढतांना वर तूप, बाजूस भाजलेला पोह्याचा पापड आणि काकडीची किंवा कांद्याची कोशिंबीर, एवढें असलें म्हणजे आणखी कशाची अपेक्षा राहत नाहीं.

कांहीं सूचना. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून तें पांचव्या हिश्शाहून अधिक घेऊं नये. परंतु तेवढें अवश्य घ्यावें, कारण नाचणींत दर शंभर ग्रॅमला तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, आणि वेल्ह्याच्या डोंगरउतारावर ती आपल्याच शेजारीं पिकते. सांडग्यांत मीठ असतेंच. तेव्हां रश्शांतलें मीठ हात राखून घालावें, विशेषतः घरांत रक्तदाबाचें माणूस असेल तर. दांत नसलेल्या वडील माणसांसाठीं दोन सांडगे वाटींतल्या गरम रसांत आधींच बुडवून ठेवावे. उरलेल्या चकोल्या सकाळपर्यंत घट्ट होतात. आधणाचें पाणी घालून पुन्हां उकळाव्या, नुसत्या तापवूं नयेत.

मुलांस पास्ताच हवा असा हट्ट असेल तर त्यालाहि याच पातेल्यांत जागा आहे. सांडगे परतून काढावे. त्याच तेलांत दोन कांदे, लसूण आणि अर्धा किलो चिरलेले टोमॅटो परतावे. सांडगे, मीठ, तिखट आणि सव्वा लिटर गरम पाणी घालून दहा मिनिटें उकळावें. मग रव्याचा ४०० ग्रॅम कोरडा पास्ता त्यांत सोडून दहा-बारा मिनिटें, पाणी आटत येईपर्यंत, हलवीत शिजवावें. लागल्यास आणखी थोडें गरम पाणी घालावें. मात्र घातलेलें पाणी ओतून टाकूं नये. पांच जणांस हें पुरतें. पुडक्यावर ‘डुरम गव्हाचा रवा’ असें लिहिलेलें पाहूनच पास्ता घ्यावा. मैद्याचा लवकर गिळगिळीत होतो.

शेवटीं वेळेचा आणि हातांचा हिशेब. आठ पोळ्या नुसत्या लाटण्यास बारा मिनिटें पुरतात. परतणें, फोडणी व तुकडे सोडणें धरून एकीचें काम पाऊण तासाच्या आंत होतें. पण तें एकीनें करावें असें मुळींच नाहीं. या पदार्थांतलीं कामें फार सोईस्करपणें वांटलीं जातात. डाळ भिजविणें आणि लसूण सोलणें आजोबांकडे, पोळ्या लाटणें एकीकडे, कातण्यानें तुकडे पाडणें मुलांकडे. आणि पातेलें ढवळीत पंधरा मिनिटें उभें राहणें, हें घरच्या कर्त्या पुरुषानें आपल्याकडे घ्यावें. नातवाला त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन यांतला भेद फळ्यावर सांगून जेवढा कळत नाहीं, तेवढा कातणें हातीं दिलें असतां कळतो, हा शिक्षकाचा अनुभव आहे.

घरच्या सासूबाईंना एक विनंति आहे, कारण घराची रीत तुम्ही ठरवितां. आठवड्यांतल्या दोन रात्री, कोणत्या त्या तुम्हींच ठरवा, एका पातेल्याच्या जेवणाच्या म्हणून नेमून टाका. आणि त्या रात्रीं पातेलें मधोमध आणून ठेवल्यावर घरांतलें प्रत्येक माणूस बसल्याखेरीज कोणीहि पहिला घांस घेऊं नये, असा नियम करा. सून म्हणेल, ‘आई, तुम्ही बसा, मी वाढतें.’ तेव्हां तिला हाताला धरून खालीं बसवा. पळी पातेल्यांतच असते. ज्यानें त्यानें वाढून घ्यावें. पंक्तिप्रपंच नसलेली पंगत कशी असते, तें मुलांना त्या रात्रीं डोळ्यांनीं दिसेल.